मंगलचा मधला रंग

४ नोव्हेंबर १९८६

लहानू पास!

भोयरसाहेबांनी ऑफिसात बोलावून सांगितलं—'प्रेमिलाबाई, तुमचा भाऊ आमचा हिरो.' टीव्हीच्या मालिकेचा हिरो! तेरा भाग, हिंदीत, सगळ्या देशात दिसणार. डायरेक्टरच्या तोंडचं वाक्य आहे, कोणा सोम्यागोम्याचं नाही. कामठीपर्यंत बसमध्ये मी एकटीच हसत होते. शेजारच्या बाईने आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

मालिकेचं नाव 'चौकी नंबर सात'. पेंचच्या जंगलातला फॉरेस्ट गार्ड मंगल, सागवान चोरणाऱ्या टोळीशी एकटा भिडतो. दर भागात मारामारी. स्क्रिप्टच्या पहिल्याच पानावर त्याचं वर्णन आहे—'सांवला, गठीला, जंगल का बेटा.' मेकअपचं काम मला मिळालं तेव्हा ते पान वाचलं आणि मनात म्हटलं, हा तर आमच्याच घरात राहतो. अठ्ठावीस वर्षांचा, दिवसभर मागावर उभा राहणारा, संध्याकाळी आखाड्यात घुमणारा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत हा लाठी फिरवायला लागला की बँडवाले वाजवायचं विसरतात. टेस्टच्या दिवशी झाडावरून उडी मारली, लाठी फिरवली, तीन वाक्यं बोलला. हिंदी काय, कामठीत ती पाळण्यातच येते.

आई पोळ्या लाटत होती. तिला सांगितलं. म्हणाली, 'एवढा मोठा पोट्टा त्या डब्यात मावते काय?' मग जरा वेळाने पदर डोळ्याला लावला.

८ नोव्हेंबर

लहानू आरशासमोर. 'खबरदार' हा एकच शब्द सकाळपासून चार प्रकारे म्हणून झाला. आई म्हणते याले भूत लागलं.

१३ नोव्हेंबर

शिसारी आली. सकाळपासून पाणीसुद्धा गोड लागत नाही.

मालिकेचा खर्च करणारी साबणाची कंपनी आहे. तिचे साहेब मुंबईहून आले. हॉटेलात टेस्टची टेप लावली. मला बोलावलं होतं, मंगलचा मेकअप कसा करणार ते सांगायला. मी म्हणणार होते, काही करायचं नाही, घाम टिपायचा. त्याआधीच साहेब बोलले. 'लड़का अच्छा है. फाइट तो एकदम नंबर वन. लेकिन फेस नॅशनल नहीं है.'

फेस नॅशनल नाही!

मी विचारलं, म्हणजे काय? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, टेबलाने प्रश्न विचारावा तसं. म्हणाले, 'दिल्ली से मद्रास तक चलना चाहिए.' मद्रासला कोण दुधाने न्हातं ते मला माहीत नाही. आणि कामठी कुठे आहे मग? इंग्लंडात?

स्क्रिप्टमधल्या 'सांवला' शब्दाभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाले, सांवला मतलब इतना सांवला नहीं. मग जाताजाता, उदार होऊन—'इसको चोर का रोल दे दो. चोर में जमेगा.'

भोयरसाहेब चहाच्या कपात बघत बसले. रुपराव भोयर, नागपूरचाच माणूस, बाप शेतकरी, स्वतः माझ्याहून एखादीच शेड उजळ. मला वाटलं बोलेल. कपात काय दिसत होतं त्याला कोण जाणे. साय तर नव्हती.

१४ नोव्हेंबर

लहानूला मीच सांगितलं. दुसरं कोणी सांगण्यापेक्षा बरं, असं वाटलं. कशाचं बरं!

दुपारी त्याच्या कारखान्यात गेले. माग चालू असले की आत बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. सगळे हातवारे करतात नाहीतर कानाशी ओरडतात. मी हातवारे केले, त्याला कळेना. मग कानाशी ओरडायला लागले. नेमकी त्याच वेळी लाईन गेली. पन्नास माग एकदम थांबले आणि माझा आवाज तेवढा राहिला—'तुझा रंग चालत नाही म्हणतात!'

अख्ख्या कारखान्याने ऐकलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एक म्हातारा विणकर म्हणाला, 'कोनाले चालत नाही बाप्पा?' लहानूने तुटलेला धागा जोडला. गाठ मारून झाल्यावर म्हणाला, 'तू घरी जाय, अक्का. आईले मी सांगतो.'

१७ नोव्हेंबर

भोयरसाहेबांनी निरोप पाठवला. मुंबईहून हिरो येतोय. त्याला पोहता येत नाही, झाडावर चढता येत नाही, लाठी धरता येत नाही. म्हणून लहानूने 'डुप्लिकेट' व्हावं. म्हणजे मारामारी याने करायची, उडी याने मारायची, आणि तोंड दाखवायची वेळ आली की तो यायचा. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, बीळ खणणाऱ्यालाच 'तुझं तोंड फिरव' म्हणताना आज पहिल्यांदा पाहिलं.

मी लहानूला म्हटलं, थुंक त्याच्यावर. तो हो म्हणून मोकळा झाला! कोल्हं काकडीला राजी. मी ओरडले. तो म्हणाला, 'मले ते काम आवडते, अक्का. झाडावरून उडी मारताना कोनी पाहो की न पाहो. तू काहून एवढी तापून राहिली?'

तापू नको तर काय करू? आणि हेही लिहून ठेवते—मी पण काम सोडलं नाही. शेवटी नावं येतात त्यात 'रूपसज्जा—प्रेमिला' असं येणार आहे. विदर्भात आजवर बाईमाणसाचं नाव असं कोणत्या पडद्यावर आलं? मी पण कोल्हंच.

३ डिसेंबर

पारशिवनीच्या पुढे जंगलात शूटिंग सुरू. हिरोचं नाव कुणाल. वाईट नाही पोरगा. मला दीदी म्हणतो, मुंग्यांना घाबरतो. गोरा मात्र असा की कानामागच्या निळ्या शिरा दिसतात.

आजचा प्रकार लिहायलाच पाहिजे, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

कॅमेऱ्यापुढे कुणाल उभा राहिला. भोयरसाहेबांनी डोकं खाजवलं. जंगलात जन्मलेला माणूस असा कसा दिसेल? म्हणाले, 'प्रेमिलाबाई, याला थोडा सावळा करा.' मी केला. साहेबांचा मुंबईचा माणूस धावत आला—ज्यादा नहीं, ज्यादा नहीं! मग लहानू आला. पाठमोरा धावतो, मान दिसते, हात दिसतात, पोटऱ्या दिसतात. ते कुणालशी जुळेनात. तर हुकूम झाला—'डुप्लिकेट को तीन शेड गोरा करो, हिरो को तीन शेड काला करो, बीच में मिला दो.'

दोन खुर्च्या शेजारी शेजारी. डावीकडच्याला काळा करते आहे, उजवीकडच्याला गोरा करते आहे. एकाच डब्यात तो मधला रंग कालवला. स्क्रिप्टमध्ये लिहिलेला रंग उजवीकडच्या माणसाच्या अंगावर जन्मापासून आहे, आणि मी तो झाकते आहे! वीस वर्षांच्या कामात एवढं खोटं काम केलं नव्हतं. हात मात्र चालत होता.

लहानूच्या चेहऱ्याला काही लावायचं नाही. तो फ्रेममध्ये येणारच नाही ना. म्हणून गळ्यापर्यंत मधला रंग आणि वर त्याचा स्वतःचा. जेवायच्या सुट्टीत तो तसाच पंगतीत बसला. गावातल्या बाया बघून तोंडाला पदर लावत होत्या. तो मला म्हणाला, 'चेहरा माहा, मान त्याची. जेवन कोनाच्या पोटात जाते पाहू.' आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मी माझी पोळीही त्याच्याच पानात टाकली.

६ डिसेंबर

सुट्टी मागितली. दिली नाही. घेतली. पांढरी साडी नेसून आई, लहानू, मी—दीक्षाभूमीवर. दिवसभर कोणाच्या तोंडाला स्पंज लावला नाही. बरं वाटलं.

१६ डिसेंबर

आज चोर निवडले. टोळीतले चौदा. भोयरसाहेबांचा असिस्टंट जवळच्या खेड्यात गेला, पारावर माणसं उभी केली आणि बोटाने वेचत गेला, बाजारात वांगी वेचतात तसा. हा, हा, हा नको, हा. वेचलेले सगळे आमच्या रंगाचे. नको म्हटलेला एक होता, उजळ कातडीचा, मिशाळ. त्याला मी नंतर पाहिलं, इन्स्पेक्टर केलंय.

चौदांपैकी एक रूपचंद नावाचा म्हातारा, आयुष्यात काडी चोरली नसेल. मला विचारतो, 'बाई, आमी काय चोरून राहिलो?' म्हटलं सागवान. म्हणतो, 'आमच्याच जंगलातलं?'

त्याच्या गालावर मी व्रण काढला. साहेबांच्या माणसाने सांगितलं होतं, और खतरनाक दिखाओ. चांगला झाला व्रण. हात मोडून घ्यावेसे वाटले.

२१ डिसेंबर

हात मोडून घ्यायचे तर वीस वर्षांपूर्वीच घ्यायचे होते. आज रविवार, घरी आहे, म्हणून लिहिते.

मी कशावर जगते? नवऱ्या मुलींवर. जरीपटक्यापासून कन्हानपर्यंत लग्नसराईत प्रेमिलाताईला का बोलावतात? 'उजळ करून देते म्हणून.' मुलीची आई दाराआड घेऊन जाते आणि कानात सांगते, 'पाहुने म्हनतात सावळी हाय. जरा पाहा नं, ताई.' आणि मी पाहते. गळा, कान, हाताचा मागचा भाग, काही सोडत नाही. फोटोत ओळखू येत नाहीत. आया खूश.

मला स्वतःला अकरा वेळा दाखवली. अकरा वेळा पोहे केले. आईने बेसन लावलं, साय लावली, संत्र्याच्या साली वाटून लावल्या. तेरा वर्षांची असल्यापासून. नवव्या वेळी आलेला मुलगा माझ्याहून काळा होता. तोही म्हणाला, 'नाक-डोळे चांगले आहेत, पण…' त्याच्या त्या 'पण'वर आईने तीन दिवस जेवण सोडलं होतं. बाबासाहेबांनी आम्हाला देव सोडायला सांगितले, आम्ही सोडले. बेसन काही सुटलं नाही.

जाऊ दे. डोकं दुखतंय.

९ जानेवारी १९८७

कन्हानच्या पात्रात शूटिंग. सकाळी सात. तोंडातून वाफ निघत होती. मंगल खडकावरून नदीत उडी टाकतो आणि पळणाऱ्या चोराला पाण्यात धरतो. उडी अर्थात लहानूची.

पहिली उडी—उत्तम. लोक टाळ्या वाजवायला लागले. असिस्टंट टीव्हीच्या छोट्या पडद्यात बघून ओरडला, 'हाथ काला आ रहा है!' रंग पाण्यात धुऊन गेला होता. जाणारच. पाण्यात नाही जाणार तर कुठे जाणार? परत वर. अंग पुसा, परत लावा, वाळू द्या. लहानू उघडा, वाऱ्यात उभा. मी लावते आहे आणि त्याचं अंग माझ्या हाताखाली थरथरतंय.

दुसरी उडी. परत काला. तिसरी. रंगावर तेल लावून पाहिलं. तेल राहिलं, रंग गेला. भोयरसाहेब म्हणाले, एक और. चौथ्या उडीनंतर लहानू पाण्याबाहेर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. असिस्टंट म्हणाला, 'थोड़ा काला है, लेकिन एडिटिंग में देख लेंगे.' मग तीनदा कशाला मारलं त्याला? मी डबा उचलला आणि नदीत फेकला. सगळा मधला रंग पाण्यावर तवंगासारखा पसरला.

मग कुणालचा क्लोजअप. तो खडकाआड उभा राहिला आणि त्याच्यावर दोन बादल्या पाणी ओतलं. गरम करून.

त्याने एक केलं. शॉट होताच आपलं ब्लँकेट काढून लहानूच्या अंगावर टाकलं. म्हणाला, 'दीदी, मैं इसको देखता हूँ तो शरम आती है.' मी म्हटलं, मग सांग त्यांना. तो गप्प. शरम येणं आणि बोलणं यात बरंच अंतर असतं. या युनिटात ते कोणालाच चालवत नाही.

११ जानेवारी

लहानूला एकशेतीन ताप. आई कपाळावर पट्ट्या ठेवते आणि माझ्याशी बोलत नाही. ठीकच आहे.

१२ जानेवारी

नवा डबा कालवायला बोलावलं. गेले. का गेले, ते लिहीत नाही.

८ मार्च

पहिला भाग लागला. रविवार सकाळ. शेजारच्या कांताबाईंच्या घरी टीव्ही आहे, अर्धी गल्ली तिथे. आईला खुर्ची दिली. लहानू मागे भिंतीला टेकून.

कुणाल दिसला की सगळे गप्प. तो चालतो, बघतो, डोळे बारीक करतो. मग मारामारी सुरू झाली आणि कॅमेरा पाठीमागे गेला. लाठी फिरली. कांताबाईंचा नवरा म्हणाला, 'हिरो लय जोरात मारते गा!' आई खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेली आणि काचेवर बोट ठेवून म्हणाली, 'हे पाठ माह्या पोराची हाय. ह्या खांद्यावर मी तीट लावत होती.'

लोक वळून लहानूकडे बघायला लागले. परत पडद्याकडे. परत लहानूकडे. एक बाई म्हणाली, 'पन हे तं गोरी हाय.' आईने माझ्याकडे पाहिलं.

शेवटी माझं नाव आलं. कोणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं.

२९ मार्च

गल्लीतली पोरं 'मंगल मंगल' खेळतात. आज ओट्यावरून पाहिलं. पोस्टमास्तरांचा गोरा, किडकिडा पोरगा मंगल. बाकी सगळे चोर. तो नुसता काठी दाखवतो आणि हे धडाधड पडतात. यांच्यातला एक आखाड्यात लहानूकडे शिकतो. मी विचारलं, तू का नाही रे मंगल? माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला वेड लागलंय. 'मी कसा असन?' म्हणाला आणि जाऊन मरून पडला.

कुठून कुठे पोचतं सगळं. एका हॉटेलातल्या पेन्सिलीच्या गोलापासून आमच्या नालीपर्यंत. ओकारी येते.

२ एप्रिल

कुणालची तार. मुंबईत मोठा सिनेमा मिळाला, येत नाही. चार भाग शूट व्हायचे बाकी! भोयरसाहेबांचं तोंड पाहण्यासारखं होतं. मी पाहून घेतलं.

४ एप्रिल

झोप उडाली आहे.

भोयरसाहेबांनी तोड काढली. नवव्या भागाच्या शेवटी मंगल गोळी लागून मरतो. पाठीमागून, म्हणजे लहानूच मरणार. दहाव्या भागात गावाहून त्याचा भाऊ चौकीवर येतो, बदला घ्यायला. उरलेले चार भाग तो हिरो. तो म्हणजे लहानू. चेहऱ्यासकट. दुसरा माणूस शोधायला, शिकवायला वेळ नाही, तारखा ठरल्यात. गरज पडली तेव्हा चेहरा एकदम नॅशनल झाला.

साहेबांशी ट्रंककॉल झाला. मी तिथेच होते, पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. साहेब आधी चिडले, मग मऊ झाले. 'ठीक है, ठीक है. लेकिन मेकअपवाली को बोलो, थोड़ा साफ़ करके दिखाए. मंगल का भाई है, मंगल के जैसा लगना चाहिए.'

परत तेच. आता मानेवरून चेहऱ्यावर.

५ एप्रिल

आज मी भोयरसाहेबांच्या घरी गेले. आयुष्यात असं पहिल्यांदा कोणाच्या दारात उभी राहिले. त्यांची बायको चहा ठेवायला गेली. मी बसले नाही.

म्हटलं, 'साहेब, मी लावणार नाही. वीस वर्ष मी हेच करून राहिली. पोरींचे चेहरे पुसले, पैसे घेतले, जेवली. तुमचा मधला रंग चार महिने लावला. माह्या भावाच्या तोंडाले नाही लावणार. दुसरा माणूस आणा. नाही तं मले सांगा, पहिल्या पानावर काय लिहिलं होतं तुमी?'

मला वाटलं ते परत कपात बघणार. चहा अजून यायचा होता, म्हणून बघायला कप नव्हता.

मग बोलले, आणि पहिल्यांदाच माझ्याशी घरच्या बोलीत. 'बाई, मी मुंबईले अ‍ॅक्टर व्हायले गेलो होतो. मले एकानं सांगितलं, डायरेक्शन शिक, तुहा चेहरा कॅमेऱ्याच्या मागं चांगला. मी हसलो त्याच्यासंगं. वाटलं, गंमत करून राहिला. पन त्या दिवशी हॉटेलात मी बोलायले पायजे होतं.'

'होतं,' मी म्हटलं. सोडलं नाही.

म्हणाले, 'काही लावू नका. जसा हाय तसा घेतो. साहेबाले मी पाहून घेईन.' बायकोने चहा आणला. मी प्यायले. दोन कप प्यायले.

६ एप्रिल

लहानूला सांगितलं. या वेळी घरी, हळू आवाजात. तो म्हणाला, 'खरंच काही नाही लावनार?' म्हटलं, घाम टिपीन फक्त. न्हाणीत गेला, तिथे गाणं म्हणताना ऐकलं. तीन महिन्यांत ऐकलं नव्हतं.

आईने गल्लीत सांगून टाकलं. आता माघार नाही.

९ एप्रिल

पहिला शॉट. चौकीच्या पायरीवर लहानू, खाकी शर्ट, तोंड कॅमेऱ्याकडे. घाम टिपून मी बाजूला आले. मॉनिटरमध्ये त्याचा चेहरा भरला, काठोकाठ. भोयरसाहेब म्हणाले, 'फर्स्ट क्लास.' कॅमेरामन म्हणाला, रेडी. कोणाची काही तक्रार नव्हती.

'एक मिनिट,' मी म्हटलं.

स्पंज हातात कधी आला कळलं नाही. गेले आणि कपाळ, नाक, गालाची हाडं—तीन शेड उजळ. मॉनिटरमध्ये काळा दिसत होता हो तो. मला. मला दिसत होता.

लहानूने माझं मनगट धरलं. 'राहू दे वं, अक्का,' म्हणाला. लागलेलं सगळं त्याने बाहीने स्वतःच पुसलं, आणि मग शॉट झाला.